म्हसूअण्णांचं छपराखालचं टेनिस

टेनिसची मॅच सुरू झाली की आमचे म्हसूअण्णा घराच्या सगळ्या खिडक्या लावून घ्यायचे. "छपराखालचा खेळ हाय. वारं लागलं तर बॉल वाकडा जाईल," म्हणायचे. मॅच जर्मनीत, खिडक्या मुकुंदवाडीत.

अण्णा आमचे घरमालक. मूळचे वैजापूरकडचे. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली, हे वाळूजच्या कारखान्यात पत्रे कापायचे. बायको वारलेली, मूलबाळ नाही. मी त्याच कारखान्यात स्टोअरला होतो. आई, बायको आणि मी त्यांच्या मागच्या खोल्यांत भाड्यानं राहायचो.

गल्लीत केबल आली आणि अण्णांना वर्षाअखेरची ती स्पर्धा सापडली. जगातले निवडक आठ खेळाडू, भलामोठा बंदिस्त हॉल. नियम त्यांना शेवटपर्यंत उमगले नाहीत. गुण बरोबरीत आले की पुकारतात त्या 'ड्यूस'ला ते 'ज्यूस' म्हणायचे, आणि खेळाडू खुर्चीत बसून पाणी प्यायला की, "बघ, मिळाला ज्यूस!" एक गोष्ट मात्र त्यांनी पक्की धरली होती: इथं पहिली मॅच हरणाऱ्याला लगेच घरी धाडत नाहीत. "खानदानी लोक हायत," ते म्हणायचे. "पाव्हण्याला हाकलत नाय."

त्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर तापलेलं. आम्ही बौद्ध, नामांतराच्या मोर्चाला जाणारे. एका संध्याकाळी मी अण्णांकडे मॅच बघत होतो, तेवढ्यात गल्लीतले चौघं आले.

"अण्णा, जरा बाहेर या."

"हितंच बोला. खिडक्या बंद हायत."

माझ्याकडे न बघता एक जण म्हणाला, "ह्यांना खोल्या खाली करायला सांगा. उद्या काही झालं तर दगड तुमच्या घरावर येतील."

अण्णांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मॅच चालू असताना असं त्यांनी कधीच केलं नव्हतं.

"व्हय, येतील. पत्रा फुटला तर म्या दुसरा टाकीन. माणसं कुठून आणू?"

मग अण्णांनीच टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला. "बसायचं तर बसा. ज्यूस व्हायला आलाय."

दोघं निघून गेले, बाकीचे चक्क बसले!

दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी शिफ्ट बदलून घेतली. कंपनीच्या बसला माझ्यासोबत जायचे, माझ्यासोबतच परतायचे. विचारलं तर म्हणायचे, "येकट्याला बसमधी करमत नाय." ते दिवस आमच्या घराला ओरखडाही न लागता गेले, ते या माणसामुळं.

संक्रांतीच्या दिवशी नामांतराची बातमी आली. आम्ही विद्यापीठाच्या गेटाकडे निघालो, तर दारात अण्णा उभे. इस्त्रीचा सदरा, डोक्याला नवा फेटा.

"मी आलो तर चालंल का?" त्यांनी आईला विचारलं.

"तुम्ही कशाला त्रास घेता, मालक?"

अण्णा खाली बघत म्हणाले, "लई आनंद झालाय. घरात सांगायला कुणी नाय."

आई म्हणाली, "चला, दादा."

रिक्षावाल्यानं काहीच विचारलं नव्हतं. तरी अण्णा सगळ्या वाटेनं त्याला सांगत होते, "ही आमची बहीण बरं का!"