मशीन, सांग त्याले

माझा मोठा भाऊ माझ्याशी बोलत नाही. तो प्रिंटरशी बोलतो, आणि ते मी भिंतीच्या अलीकडून ऐकायचं असतं.

“मशीन, सांग त्याले, उद्या बजाराचा दिवस हाय. दाढी कर म्हणा. गिऱ्हाईक भेते.”

प्रिंटर बिचारा काय सांगणार. पण निरोप पोचतो. मधली भिंत एका विटेची आहे, आणि दादाचा आवाज दारव्ह्याच्या बसस्टँडवर जीप भरणाऱ्या माणसाचा आहे.

तहसीलच्या रस्त्यावर, घराला लागूनच आमचं टायपिंग-प्रिंटिंगचं दुकान होतं. मी टाइप करायचो, दादा प्रिंटर सांभाळायचा. मग वाटणी झाली. घरात मधोमध भिंत आली. एका बाजूला दादा आणि वहिनी, दुसऱ्या बाजूला मी एकटा. माझं लग्न राहूनच गेलं. दुकानाचं सामान वाटायला चार मोठी माणसं बसली. धाकट्याला टाइप येतं, म्हणून कॉम्प्युटर त्याला. मोठ्यानं प्रिंटर हौसेनं आणला, म्हणून तो त्याला. एक नग इकडं, एक नग तिकडं, झाली बरोबरी. सगळ्यांनी चहा घेतला आणि न्याय केल्याच्या समाधानात घरी गेले. विळ्याचं पातं एकाला आणि मूठ दुसऱ्याला, असा तो न्याय.

दादानं त्यावर तोड काढली. भिंतीला भोक पाडलं, प्रिंटरच्या यूएसबी वायरला दुसरी वायर जोडली आणि तिचं टोक माझ्या खोलीत सोडलं. तिथून पुढं कॉम्प्युटर कधी प्रिंटर ओळखायचा, कधी नाही. सकाळी ओळखला तर दुपारी ‘अनोळखी वस्तू जोडली आहे’ म्हणून हात वर करायचा. कधी तोच प्रिंटर नवा पाहुणा समजून पुन्हा नोंदवून घ्यायचा. माझ्या स्क्रीनवर त्या एका प्रिंटरच्या इतक्या नकला जमल्या की खरा कोणता, ते पान निघाल्यावरच कळे.

दादाचा इलाज ठरलेला. वायर उपटायची, टोकावर फुंकर मारायची, बनियनला पुसायची, परत खुपसायची. माझ्याकडं कॉम्प्युटर ‘टुडुंग’ करी. लगेच पलीकडून प्रश्न: “मशीन, वळखलं का त्यानं तुले?”

मी तोंडानं उत्तर देऊ शकत नव्हतो, अबोला होता. मी चाचणीचं पान सोडायचो. ते निघालं की दादा म्हणे, “वळखलं बाप्पा.” नाही निघालं तर, “सारा दारव्हा वळखते, हाच येक वळखत नाही.” चाचणीच्या पानांवर वहिनी भज्यांचं तेल निथळायला ठेवायची.

खरी छपाई असली की पानं दादाच्या खोलीत निघत. वहिनी ती घेऊन रस्त्यानं वळसा घालून माझ्या दारात येई. त्याआधी दादा प्रत्येक पान वाचे. “मशीन, सांग त्याले, नवरदेवाची उंची त्यानं वाढोली. म्या पाह्यला तो पोट्टा. माह्या खांद्याले नाही लागत.” इकडं माझ्यासमोर बायोडाटा छापायला आलेला नवरदेवाचा बाप बसलेला असे.

प्रिंटरचे लाड तर विचारू नका. रात्री त्याच्यावर धुतलेला दुपट्टा. जवळ उदबत्ती लावायची नाही, धूर बसते. त्याच्यावर काहीही ठेवायचं नाही. वहिनीनं एकदा चहाचा कप टेकवला तर दादा त्या दिवशी जेवला नाही. पावसाळ्यात कागदाचे गठ्ठे फ्रिजच्या मागं उबेला. लावायच्या आधी गठ्ठा फडफडवायचा, चारी बाजूंनी टेबलावर ठोकायचा आणि गालाला लावून पाहायचा, सादळला तर नाही. वहिनी म्हणायची, “मले ताप आला तं यायनं कधी हात लावून नाही पाह्यला.”

यवतमाळहून एकदा मेकॅनिक आणला. तो दोन्ही घरांत फिरला आणि म्हणाला, “भाऊ, वायर लय लांब हाय, त्यात जोड. दोन्ही येका टेबलावर ठेवा, काहीच भानगड नाही.”

मग पलीकडून आलं, “मशीन, सांग त्याले, आपण जागचे हलत नसतो.” मीही हललो नाही. मेकॅनिकला वाटलं, यांच्याकडं टेबल नसावं.

दारव्ह्यात सगळ्यांना वाटतं, आमचा अबोला वाटणीवरून झाला. मी तसं वाटू दिलं. खरं असं आहे की अबोला आधीचा, वाटणी नंतरची.

एकदा दुकानात गर्दी होती. खेड्यावरच्या एका माणसानं दादाला विचारलं, दाखल्याच्या अर्जाला काय काय जोडायचं. दादा सवयीप्रमाणं मुळापासून सांगायला लागला. मी वैतागलेला होतो. मान वर न करता म्हणालो, “त्याले कायले इचारता भाऊ? तो फक्त कागद लावते.”

माणूस हसला. बाकीचेही हसले. दादा रागावला नाही. हातातला गठ्ठा त्यानं चारी बाजूंनी ठोकला, लावला, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलायचं काम प्रिंटरवर सोपवलं. माफी मागायला मला एक वाक्य पुरलं असतं. त्याऐवजी मी वाटणी मागितली. रोज समोर बसून त्याचं तोंड बघणं मला जड जात होतं.

मागच्या वर्षी मी बिनवायरचा नवा प्रिंटर आणला. दादाला कळू दिलं नाही. छापताना त्याच्यावर घोंगडी टाकायचो, आवाज दाबायला. गिऱ्हाइकांची पानं माझ्याकडंच निघायला लागली, वहिनीचा वळसा थांबला. दादाकडं सकाळी एक चाचणीचं पान तेवढं सोडायचो, त्यानं ओरडू नये म्हणून. पुढं त्याचाही कंटाळा आला आणि एके दिवशी मी त्याची वायर माझ्या बाजूनं काढून टाकली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या छातीत दुखलं. शेजाऱ्यांनी नागपूरला नेलं, हृदयाच्या नळीत जाळी बसवली. वहिनी येऊन बघून गेली. दादा आला नाही. मी ते मनात धरून ठेवलं, मला ते बरं जमतं.

घरी आल्यावर सकाळी थोडा वेळ कॉम्प्युटरपुढं बसायला लागलो. पलीकडून वायर उपटल्याचा, फुंकरीचा आवाज येई. मग बारीक आवाजात, “मशीन, आज बी नाही?”

वहिनी मुगाचं वरण घेऊन आली. भांडं ठेवलं आणि म्हणाली, “भाऊजी, ते वायर लावा बरं.”

“कायले वयनी? छापाचं तं काहीच नाही.”

“छापाचं कोन म्हणते? तुमचा कॉम्प्युटर जुळला का मशीनचा दिवा हिरवा होते. मंग हे म्हणतात, उठला, बसला खुर्चीत. मंगच चहा पेतात. आता किती दिवसापासून दिवा नुसता लुकलुकून राह्यला. म्या सांगतलं, भाऊजी घरी आले, बरे हायेत. तं म्हणतात, तू माहं मन राखाले बोलतं. मशीन खोटं बोलत नाही.”

मी वायर लावली. टुडुंग. ‘अनोळखी वस्तू.’ उपटली, फुंकर मारली, बनियनला पुसली, परत लावली. अनोळखी वस्तू. पलीकडं स्टूल सरकल्याचा आवाज आला. पुन्हा लावली. तेच.

मी उठलो आणि वहिनीच्या मागोमाग रस्त्यानं वळसा घालून दादाच्या दारात गेलो.

दादा स्टुलावर बसून दिव्याकडं बघत होता. माझ्याकडं बघितलं नाही. “मशीन, सांग त्याले, उभं राहू नको म्हणा.”

मी बसलो. सरळ त्याच्याशी बोलायचं ठरवून आलो होतो. शेवटी मीही प्रिंटरकडंच तोंड केलं. “मशीन, सांग दादाले. त्या दिवशी गिऱ्हाइकाइसमोर म्या जे बोललो, ते बोलाले नाही पायजे होतं.”

दादानं कागदाचा गठ्ठा घेतला. फडफडवला. चारी बाजूंनी ठोकला. गालाला लावला आणि बराच वेळ तसाच धरला.

“सांग त्याले,” तो म्हणाला, “कागद लावणं सोपं नसते.”

“नसते,” मी म्हणालो.

“आन हे बी सांग. नव्या मशीनवर घोंगडी टाकली म्हणून आवाज लपत नसते. भिंत येका इटेची हाय.”

म्हणजे वर्षभर त्याला माहीत होतं. वर्षभर तो रोज सकाळी वायर बनियनला पुसत होता.

वहिनीनं चहा आणला. माझ्या हातात कप बशीत वाजायला लागला. दादानं माझ्याकडं न बघता तो माझ्या हातातून काढून घेतला, ठेवायला इकडंतिकडं जागा पाहिली, आणि प्रिंटरवर ठेवला.