एकवीस निकाल

प्रोफेसरसाहेबांनी (निवृत्त, विषय तर्कशास्त्र) सकाळी एवढंच ठरवलं, की हार्ड डिस्कची तब्येत एकदा बघून घ्यावी. तिच्यात लेकीची लहानपणची गाणी होती. मूळ कॅसेटी केव्हाच बुरशीने खाल्लेल्या.

डिस्क आपली चाचणी आपणच घेते आणि निकाल आपल्याच पोटात नोंदवून ठेवते. निकाल आला: ‘वाचताना दोष’. कॉम्प्युटरवाल्या लेकीला फोन गेला.

“बाबा, गॅरंटी आहे अजून. ती नोंद दाखवली की दुकानदार नवी डिस्क देईल. संध्याकाळी येते मी. तोवर हात लावू नका.”

हात न लावणं साहेबांना कधी जमलंच नव्हतं. चाचणीच चुकली असेल तर? त्यांनी पुन्हा लावली. ती चांगली दोन तासांची. दहा मिनिटांतच त्यांना वाटलं, अडकली. नवी सुरू केली. मग आणखी एक. असं दुपारभर. (नवी लावली की चालू असलेली बंद पडते, हे त्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि धीर धरणं वेगळं.) जेवण गार झालं, बायको गरम झाली.

संध्याकाळी लेक नोंदी वाचू लागली. “मध्येच थांबवली. मध्येच थांबवली. मध्येच... बाबा, दोषाची नोंद कुठे गेली?”

“असेल गं तिथेच.”

“अहो, इथे एकवीसच निकाल मावतात! जागा संपली की सगळ्यात जुन्यावर नवा लिहिला जातो. पुरावाच पुसलात तुम्ही!”

“ही डिस्कची नाही, तुझ्या बाबांचीच तब्येत लिहिलीय,” बायको म्हणाली.

“आणि गाणी?” साहेबांनी विचारलं. “तीही गेली?”

बायकोने बटणांच्या डब्यातून पेन ड्राइव्ह काढला. “सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात ना, तेव्हाच उतरवून घेतली. लाव गं.”

साहेबांचे डोळे भरून आले. खोलीत एक बोबडा आवाज घुमला. जेमतेम एक ओळ झाली, आणि एक तरुण, घाबराघुबरा आवाज मध्येच आला:

“थांब, थांब बाळा! रेकॉर्ड होतंय ना, बघू दे आधी!”

खट्.

“पुढचं लाव,” साहेब पुटपुटले.

“सगळी अशीच आहेत,” बायको म्हणाली.