चिरंजीवांचे गॅलन

साहेब परिषदेला गेले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे चिरंजीव आडवे झाले.

चिरंजीव म्हणजे मासा. केशरी रंगाचा, वीतभर लांब, साहेबांच्या केबिनमधल्या काचेच्या टाकीत राहणारा. साहेबांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे हे नाव त्यांनीच कौतुकानं ठेवलं होतं. जाताना त्यांनी हेडक्लार्कला बोलावून एका दमात दोन वाक्यं सांगितली होती. "चिरंजीवांना सांभाळा. आल्यावर तुमच्या अर्जाचं बघतो."

अर्ज बदलीचा होता. हेडक्लार्कची बायको आणि मुलगी दुसऱ्या गावी, हा इथे भाड्याच्या खोलीत, दोन वर्षं स्वतःच्या हातची करपलेली भाजी खात होता. गेल्या महिन्यात साहेब म्हणाले होते, आठ दिवसांत करतो. बायकोनं तेव्हाच फोनवर विचारलं होतं, "अहो, हे हापिसातले आठ दिवस म्हणजे आपले किती?"

आता चिरंजीव टाकीच्या तळाशी कुशीवर पडून एका डोळ्यानं छताकडे बघत होते. टाकीतलं पाणी पातळ पिठल्यासारखं दिसत होतं, पण रोज तेच पाणी बघणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

"हा गेला तर माझा अर्जही गेला," हेडक्लार्क म्हणाला.

टायपिस्ट बाईंनी साहेबांच्या खणातून औषधाची सीलबंद बाटली शोधून काढली. परदेशातून कोणीतरी आणून दिलेली. वर लिहिलं होतं, दर दहा गॅलन पाण्याला अर्धा औंस. जास्त झाल्यास मासा दगावेल, कमी झाल्यास गुण येणार नाही.

दुसरं कुठलंही हापिस असतं तर अंदाजानं चमचाभर ओतून मंडळी कामाला लागली असती. पण हे वजनमापांचं हापिस होतं. गावातल्या प्रत्येक दुकानातली मापं तपासून त्यांवर शिक्का मारायचा, हाच इथला धंदा. इथे 'अंदाज' हा शब्द शिवीसारखा वापरत.

"टाकीवर चाळीस लिटरचं स्टिकर आहे," हेडक्लार्क म्हणाला. "म्हणजे किती गॅलन?"

"कुठले गॅलन?" निरीक्षकानं विचारलं. हा माणूस वीस वर्षं लोकांच्या मापात पाप शोधत हिंडलेला. घरी दूध आलं तरी आधी मोजायचा, मग नमस्कार करायचा. "ब्रिटिश गॅलन साडेचार लिटरच्या थोडा वर. अमेरिकी पावणेचारच्या थोडा वर. चाळीस लिटर म्हणजे त्यांचे पावणेनऊ, नाहीतर ह्यांचे साडेदहा."

"मग औंसावरून काढू."

"औंसही दोन आहेत. आणि गंमत अशी, की ज्यांचा गॅलन मोठा त्यांचा औंस लहान."

"कोणी ठरवलं हे?"

"ते आपल्या अखत्यारीत येत नाही," निरीक्षक म्हणाला.

बाटली कोणत्या देशाची हे कळलं की प्रश्न मिटणार होता. देशाच्या नावावर तिथल्या दुकानदारानं नुसता आकडा लिहिलेली किमतीची चिठ्ठी चिकटवली होती. निरीक्षकानं ती नखानं हलकेच सोलली. चिठ्ठी निघाली, देशही तिच्याबरोबर निघाला.

"ब्रिटिश धरा," निरीक्षक म्हणाला. "साडेबारा मिलिलिटर."

"आणि अमेरिकी निघालं तर?"

"तर साडेपंधरा हवं होतं. गुण येणार नाही."

"मग अमेरिकीच धरू."

"आणि ब्रिटिश निघालं तर दगावेल."

हेडक्लार्कनं कपाळाला हात लावला. इतक्यात निरीक्षकाला नवीन शंका आली. तशी ती येणारच होती. "मुळात चाळीस लिटर कशावरून? स्टिकर म्हणजे काही पुरावा नव्हे. प्रत्यक्ष मोजलं पाहिजे."

मोजायला हापिसात एकच माप निर्विवाद होतं. काचेच्या कपाटातलं पाच लिटरचं प्रमाणित माप, ज्यावरून गावातली बाकी सगळी मापं तपासली जात. ते साहेबांच्या सहीशिवाय बाहेर काढणं म्हणजे चौकशीच. हेडक्लार्कनं एकदा मापाकडे पाहिलं, एकदा चिरंजीवांकडे, आणि किल्ली काढली.

चिरंजीवांना भाजीच्या पातेल्यात हलवलं. हेडक्लार्क टाकीतून मगानं पाणी काढून मापात ओतायचा, निरीक्षक डोळा काठाशी लावून "पाच" म्हणायचा आणि माप मोरीत रिकामं करायचा. वास असा सुटला, की शिक्का मारून घ्यायला आलेला एक दूधवाला दारातूनच परत गेला. सहा मापं भरली आणि सातव्याला टाकीचा तळ दिसला.

"एकतीस लिटर, दोनशे मिली," निरीक्षक म्हणाला. मग त्यानं सवयीनं छापील फॉर्म ओढला आणि लिहायला घेतलं.

"अहो, आधी औषधाचं बघा."

"ब्रिटिश असेल तर पावणेदहा. अमेरिकी असेल तर बारा."

दोघं पुन्हा भांडायला लागले. टायपिस्ट बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली, मग पदर खोचला, टाकी घासली आणि नळ जातो म्हणून परवापासून भरून ठेवलेल्या बादल्यांमधलं स्वच्छ पाणी तिच्यात ओतलं. चिरंजीवांना आत सोडलं. इकडे वाद औंसापर्यंत पोचला, तिकडे चिरंजीव सरळ झाले. वाद परत गॅलनवर आला तेव्हा त्यांच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या.

"माझंही ऐकाल का जरा?" बाई म्हणाल्या. "त्याला आंघोळ हवी होती. एवढंच."

बाटलीचं सील तसंच होतं.

चौथ्या दिवशी साहेब आले. सगळ्या जगाला एकच माप असावं, यावर तीन दिवस बोलून त्यांचा घसा बसला होता. झळझळीत टाकीत उड्या मारणारे चिरंजीव पाहून त्यांना भरून आलं.

"काय केलंत तरी काय?"

"काही नाही साहेब. सगळं अगदी मोजून केलं," हेडक्लार्क म्हणाला. बाई खोकल्या.

साहेबांनी बदलीचा अर्ज पुढे ओढला, क्षणभर पाहिला आणि मायेनं बाजूला ठेवला. "असा माणूस मी हातचा सोडू? चिरंजीवांना कोण बघेल? तुम्ही इथेच राहायचं."

बावीस वर्षांच्या नोकरीत त्यानं साहेबाला उलट उत्तर दिलं नव्हतं. आताही दिलं नाही. फक्त फाइलमधून एक कागद काढून अदबीनं पुढे ठेवला.

"हे काय?"

"निरीक्षकांचा अहवाल, साहेब. चाळीस लिटरची म्हणून विकलेली टाकी एकतीस लिटरची निघाली. ठिकाण, आपली केबिन. कालावधी, सहा वर्षं. फसवणूक झालेली व्यक्ती..." पुढचं त्याला वाचवेना.

साहेबांनी टाकीकडे पाहिलं. ती त्यांनी स्वतः, दुकानदाराशी तासभर घासाघीस करून आणली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो किस्सा सांगितला होता.

"जावक क्रमांक टाकलात का यावर?"

"नाही अजून. जावकचं रजिस्टर माझ्याकडेच असतं. मी गेलो की ते नव्या माणसाकडे जाईल. त्याला या कागदाचं काही माहीत नसेल. आणि कागद माझ्या बॅगेत असेल."

साहेबांनी बसलेल्या घशानं पेन मागितलं.

संध्याकाळी हेडक्लार्कनं घरी फोन लावला. "झाली गं सही. आठ दिवसांत येतो."

पलीकडून बायकोनं हळूच विचारलं, "कुठले आठ?"

"आपले," तो म्हणाला.