उशी घेऊन या

ऊर्मीला पाचव्या वर्षाची लस द्यायची होती आणि नर्स काय म्हणाली ते फक्त उमाकांतला कळलं होतं. २००४ साली बँकेच्या बदलीने तो सोलापूरहून तमिळ मुलखात, वेस्ट मांबलमला आला. सहा महिन्यांत तो भाजीवाल्याशी तमिळमध्ये भांडू लागला होता.

"'बुधवारी ऊसी' म्हणाली नर्स," त्याने बायकोला सांगितलं. "उशी न्यायची."

"लसीला उशी?" विद्युलताने विचारलं.

"अगं, मागे पोलिओचे थेंब उभ्यानेच पाजले, अर्धे फ्रॉकवर. आता निजवून पाजणार. पद्धतशीर लोक आहेत."

"शेजारच्या जयंतीबाईंना विचारते. तंजावरच्या आहेत, दोन्ही भाषा..."

"मला तमिळ येतं!"

सोलापूरला सुई टोचताना ऊर्मीने डॉक्टरांचा अंगठा चावला होता. तिने खात्री करून घेतली. "बाबा, सुई नाही ना?"

"नाही. बाबाचा शब्द."

त्या शब्दावर ती उशी काखेत मारून निघाली.

दवाखान्यात जयंतीबाई नातीला घेऊन आल्या होत्या. उशीचं कारण ऐकून त्यांनी तोंडाला पदर लावला आणि विद्युलताच्या कानात म्हणाल्या, "अय्यो! ऊसी म्हणजे सुई! उशीला इथं तलगाणी म्हणतात हो!"

तेवढ्यात ऊर्मीचा नंबर आला. नर्सच्या हातात सिरिंज होती. ऊर्मीने बाबाकडे पाहिलं. बाबाने घाईघाईने नर्सला, थेंब तोंडात म्हणून, स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं. नर्सने मान हलवून ऊर्मीचा दंड थोपटला. "कै." तमिळमध्ये हात.

"काय?"

"कै!"

"अहो, काय?" उमाकांतने विचारलं.

ऊर्मीने चावायला तोंड उघडलं. पण दोन्ही हातांत उशी होती, तोंडाशी तीच आली. दात रुतले, सुई टोचून निघालीसुद्धा. आवाज नाही. बाकीची पोरं भोकाड पसरून रडत होती.

नर्स खूश झाली. उशीकडे बोट दाखवून रांगेतल्या आयांना तिने बजावलं, "ऊसीक्कु तलगाणी कोंडु वांगो!"

"बाबा, सुई होती," दंड चोळत ऊर्मी म्हणाली.

"होती. पण रडलं कोण? माझी लेक नाही!" उमाकांतची छाती फुगली. तो बायकोकडे वळला. "ऐकलंस नर्सचं? पुढच्या खेपेला नुसती उशी नाही, गाणीही हवीत."

विद्युलताने तोंड उघडलं. बाप आणि लेक, दोघांच्या वर गेलेल्या हनुवट्या पाहिल्या आणि मिटलं.

"कोण म्हणणार?" तिने विचारलं.

"मी आहे की!" म्हणत उमाकांतने तिथेच घसा खाकरला.