लासुर्ण्याचा बिनविरोध गोल्फ

एखाद्या भागाचा विकास झाला आहे की नाही, हे ओळखण्याची एकच खात्रीची खूण आहे : तिथे कुणीही न मागितलेली गोष्ट सुरू होते आणि तिच्या उद्घाटनाला सगळे येतात. या कसोटीवर आमचा इंदापूर तालुका फार पुढे आहे. (बारामतीकरांनी हे वाक्य वाचू नये, त्यांना वाईट वाटतं.) त्यामुळे ‘उदयोन्मुख पुरुष व्यावसायिक गोल्फ विकास दौरा’ लासुर्ण्यात आला यात नवल नव्हतं. इतक्या उशिरा आला, याचंच थोडं वाईट वाटलं.

दौऱ्याचे चालक मुंबईचे. त्यांनी तज्ज्ञांकडून आमच्या भागाची पाहणी करून घेतली आणि आम्हाला ‘उगवती गोल्फ बाजारपेठ’ ठरवलं. जमीन मोकळी (ऊस तुटल्यावर), पाणी मुबलक (कालव्याला आवर्तन सुटल्यावर), आणि गोल्फ खेळणारे शून्य, म्हणजे वाढीला वाव शंभर टक्के. आमच्यातल्या शून्याची एवढी कदर आजवर कुणी केली नव्हती.

विकास दौरा म्हणजे काय, हे आधी सांगतो. ज्यांना मोठ्या दौऱ्यावर कुणी घेत नाही अशा होतकरू खेळाडूंना चार दिवस खेळवायचं आणि जो पहिला येईल त्याला वर्षभर परदेशातल्या वरच्या दौऱ्यावर पाठवायचं. जागा एकच. वयाची अट अशी की अठ्ठावीस पूर्ण झाली की होतकरूपणा संपतो. त्यानंतर माणसाने कितीही चांगलं खेळावं, ते त्याचं खाजगी प्रकरण.

मैदान आबाजींच्या रानात झालं. आबाजी म्हणजे आमचे स्थानिक समितीचे अध्यक्ष. तालुक्यात ज्या ज्या गोष्टीला अध्यक्ष लागतो, तिथे ते असतात. त्यांनी पन्नास एकरांतला उसाचा खोडवा मोडून हिरवळ लावली आणि नऊ खड्डे पाडले. तेच नऊ दोनदा खेळले की अठरा होतात, ही काटकसर चालकांना फार आवडली. गोल्फला पाण्याचा अडथळा लागतो, तिथे अनुदानातलं शेततळं होतंच. वाळूचे अडथळे लागतात. त्यासाठी वाळूही आली. (वाळू कुठून आली हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.) तिन्ही बाजूंना ऊस उभा होता. त्यात गेलेला चेंडू हरवला असं आम्ही मानत नाही, तो गळीत हंगामात सापडेल असं मानतो.

प्रस्तुत लेखक समितीचा प्रसिद्धीप्रमुख असल्यामुळे इथला प्रत्येक शब्द निःपक्षपाती आहे.

सर्वांत अवघड काम होतं प्रेक्षक घडवण्याचं. गोल्फमध्ये खेळाडू फटका मारताना बघणाऱ्याने शिट्टी मारायची नसते, नाव घेऊन ओरडायचं नसतं, फोनवर तर मुळीच बोलायचं नसतं. कुस्त्यांच्या फडात वाढलेल्या माणसांना हे पटवणं सोपं नाही. शेवटी ‘शांतता राखा’ अशा पाट्या करून स्वयंसेवकांच्या हातात दिल्या. पाटी वर गेली की गप्प बसायचं, खाली आली की दोन बोटांनी टाळी वाजवायची. पंधरवडाभर सराव घेतला. तिसऱ्या आठवड्यात प्रेक्षक इतके तयार झाले, की पाटी वर असताना एका गृहस्थाच्या पायावरून ट्रॅक्टरचं चाक गेलं, तरी त्यांनी पाटी खाली येईपर्यंत वाट पाहिली. अशा माणसांच्या बळावर तालुके मोठे होतात.

आता सोहेलकडे येऊ. इंदापुरात बसस्थानकामागे अमीरभाई तांबोळींचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. सोहेल त्यांचा मुलगा. पुण्यातल्या एका क्लबात हिरवळीवर फवारे बसवायला गेला, मोकळ्या वेळात हातात काठी घेतली, आणि काही वर्षांनी व्यावसायिक गोल्फपटू होऊन परत आला. अमीरभाईंनी त्याचा खेळ कधी पाहिला नव्हता. कुणी विचारलं तर ते ‘पोरगं हिरवळीचं काम बघतं’ एवढंच सांगत. सोहेलला जूनमध्ये अठ्ठावीस पूर्ण होणार होती. म्हणजे त्याच्यापुढे एक स्पर्धा होती आणि ती ही होती.

चोवीस खेळाडू उतरले. तीन दिवस खेळ झाला, आणि तिसऱ्या संध्याकाळी सोहेल सात फटक्यांनी पुढे होता. (गोल्फमध्ये कमी फटके मारणारा पुढे असतो. कमी काम करून पुढे जाण्याची कल्पना आमच्या लोकांना लगेच पटली.) चोविसाव्या क्रमांकावर आबाजींचे चिरंजीव पुष्करदादा होते. स्थानिक खेळाडू म्हणून त्यांना खास निमंत्रण होतं. त्यांनी तीन दिवसांत इतर कुणाहीपेक्षा जास्त फटके मारले, आणि आमच्या पत्रकात मी त्यांना ‘फटकेबाजीत आघाडीवर’ म्हटलं. हे खोटं आहे असं कुणी सिद्ध करून दाखवावं.

आबाजींना निकालाची चिंता नव्हती, एकोप्याची होती. आपल्या रानात, आपल्या मांडवात, चोवीस तरुण एका जागेसाठी भांडताहेत हे त्यांना पाहवेना. त्यांनी केशवतात्यांना बोलावलं.

केशवतात्यांविषयी थोडं. गेल्या तीस वर्षांत तात्यांनी हात लावलेली एकही निवडणूक मतदानापर्यंत पोचलेली नाही. विकास सोसायट्या, दूध संस्था, वाचनालय, सगळं बिनविरोध. एकदा त्यांनी हायस्कूलची वक्तृत्व स्पर्धाही बिनविरोध केली होती. एका मुलीची निवड झाली आणि बाकीच्यांनी भाषणं न करता तिचं अभिनंदन केलं. तात्यांनी गोल्फची काठी कधी हातात धरलेली नाही, पण मुद्दा तो नव्हता.

तात्या दौऱ्याच्या पंच अश्लेषा मॅडमना भेटले. मॅडम पुण्याच्या, नियमांना पक्क्या.

“मॅडम, माघारीची मुदत कवा हाय?” तात्यांनी विचारलं.

“गोल्फमध्ये तशी मुदत नसते. खेळाडू केव्हाही माघार घेऊ शकतो.”

“कवाबी?”

“केव्हाही.”

इतका उदार नियम तात्यांना उभ्या आयुष्यात भेटला नव्हता. ते कामाला लागले. सोलापूरच्या खेळाडूला पुढच्या वर्षीच्या स्वागत समितीचं उपाध्यक्षपद मिळालं. नगरच्या दोघांना ‘पुढच्या साली तुमचाच नंबर’ असं सांगण्यात आलं, अर्थात वेगवेगळं बसवून. पुण्याच्या मुलांना हा इथला काही पारंपरिक विधी आहे असं वाटलं, आणि त्यांनी संस्कृतीचा आदर म्हणून माघार घेतली. दिवेलागणीपर्यंत बावीस जण मोकळे झाले. नियमाप्रमाणे कारण द्यावं लागतं. एकोणीस जणांची पाठ धरली, दोघांच्या घरी लग्न निघालं, आणि एकाने ‘तात्यांनी सांगितलं’ असं कारण दिलं. ते मॅडमनी दुरुस्त करून घेतलं.

उरले दोघे, पुष्करदादा आणि सोहेल.

आबाजी आणि तात्या अमीरभाईंच्या दुकानात गेले. (प्रस्तुत लेखक फोटो काढायला बरोबर होता.) नळ्यांच्या वेटोळ्यांवर बसून चहा झाला.

“पोरगं लई भारी खेळतंय तुमचं, अमीरभाई,” तात्या म्हणाले.

“मी कुठं बघितलंय, तात्या. दुकान सोडवत न्हाय.”

“उद्याच्याला तालुक्याचं नाव हाय. समदं एकमतानं झालं म्हंजी बरं दिसंल.”

“पर सोहेल तर पुढं हाय म्हणत्यात.”

“पुढं हाय म्हणूनच आलो की. मागं ऱ्हाणाऱ्याच्या दारात कोण जातंय?” तात्यांनी बशी खाली ठेवली. “पुष्कर पुढच्या साली न्हाय खेळायचा. मैदान मोकळं. तवा सोहेलच.”

सोहेल मागे नळी कापत होता. “तात्या, पुढच्या साली माझं वय बसत न्हाय.”

“वयाचं काय घिऊन बसलास? दाखला दुसरा काढू.”

“मी माघार घेत न्हाय.”

“बघा, आता काय करायचं ह्याला!” आबाजी पहिल्यांदाच बोलले. “अमीरभाई, तुमी शब्द द्या. पोरं काय, बोलत्यात.”

चाळीस वर्षांत आबाजी त्या दुकानात पहिल्यांदा बसले होते. एरवी गाडीतून हॉर्न वाजवायचे आणि अमीरभाई नळ्या घेऊन बाहेर जायचे. आज ते बसले, चहा घेतला, वर काहीतरी मागितलं. अमीरभाईंचा चेहरा असा झाला होता, की आता ते हो म्हणणार याची मला खात्री वाटली.

“आबा,” ते म्हणाले, “नळ्या मागा, आत्ता देतो. ह्यो शब्द माझ्याकडं न्हाय. त्यो त्याचा हाय.”

मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला. पत्रकात ते आलं नाही, जागा कमी होती.

तात्यांना राग येत नाही. ते उठले आणि म्हणाले, “बरं. खेळू दे की. खेळायला कोण नको म्हणतंय?”

चौथ्या दिवशी पहिल्या खड्ड्याजवळ मांडव, व्यासपीठ, हार, सगळं सज्ज होतं. माणसं दोन हजारांच्या वर (आमचा आकडा). खेळाच्या आधी समितीची सभा लावलेली होती. तात्यांनी सूचना मांडली की एकोप्याच्या दृष्टीने पुष्करदादांची विजेते म्हणून बिनविरोध निवड करावी. व्यासपीठावर जाण्याआधी पुष्करदादा सोहेलच्या कानाशी आले होते. “खरं सांगू का सोहेल, मला इमानात बसायचं लई भ्या वाटतं,” असं ते म्हणाले. मग हाक आली आणि ते हार घालून घ्यायला गेले.

“कुणाची हरकत?” आबाजींनी माईकवर विचारलं.

स्वयंसेवकाने सवयीने पाटी वर केली. दोन हजार माणसं एका क्षणात गप्प झाली. असली शांतता परदेशातल्या मैदानांवरही मिळत नसेल.

“माझी हाय,” सोहेल म्हणाला. तो चेंडू मांडून उभा होता.

सगळ्यांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, फक्त नाराजी होती. पाटी वर असताना बोलणं हा असभ्यपणा आहे, हे एव्हाना लहान पोरांनाही कळत होतं. हरकत नियमबाह्य वेळी आल्यामुळे नोंदली गेली नाही. पाटी खाली आली. दोन बोटांच्या टाळ्या झाल्या. पुष्करदादांनी नारळ फोडून एक फटका मारला, चौथ्या प्रयत्नात चेंडू हलला, आणि त्यांचे उरलेले अठरा खड्डे सभेने एकमताने मंजूर केले. मग जेवणाची घोषणा झाली.

सोहेल खेळत राहिला.

त्याच्याबरोबर एकच माणूस चालत होता. अमीरभाईंनी आयुष्यात पहिल्यांदा ऐन बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवलं होतं. त्यांना शांततेचं प्रशिक्षण मिळालेलं नव्हतं. ते प्रत्येक फटक्याला दोन्ही हातांनी टाळ्या वाजवायचे, कधी कधी फटक्याच्या आधीही.

“ह्यो बरा झाला का वाईट?” ते विचारायचे.

“बरा झाला, अब्बा.”

शेततळ्याच्या कडेने, उसाच्या बांधाने, वाळूला बगल देत बापलेक अठरा खड्डे फिरले. मांडवातून मटणाचा वास येत होता. शेवटचा चेंडू खड्ड्यात पडला तेव्हा अमीरभाईंनी बोटांवर मोजून सांगितलं, सदुसष्ट. त्या मैदानावर इतका चांगला खेळ त्याआधी झाला नव्हता आणि नंतरही झालेला नाही.

पण नियम हे नियम. खेळाडूचे फटके त्याच्या सहखेळाडूने मोजून खात्री द्यायची असते. सहखेळाडू कुणी उरला नव्हता. अशा वेळी समितीने मोजणारा नेमावा, अशीही तरतूद आहे, पण समिती पंगतीला बसली होती. अमीरभाईंनी मोजले होते हे खरं, मात्र त्यांची नेमणूक झालेली नव्हती. अश्लेषा मॅडम हातात ताट घेऊन मांडवाच्या टोकाला आल्या, शेवटच्या खड्ड्याकडे थोडा वेळ पाहत उभ्या राहिल्या, आणि परत आत गेल्या. अहवालात त्यांनी ‘निकाल निर्विवाद’ असं लिहिलं.

दौरा सर्वार्थाने यशस्वी झाला. तक्रारी शून्य. पुष्करदादा विमानतळापर्यंत जाऊन आले. तिथलं हवामान मानवलं नाही. ती जागा वर्षभर रिकामी राहिली, पण आपल्या तालुक्याच्या नावे रिकामी राहिली, ही काही लहान गोष्ट नाही. सोहेलला जूनमध्ये अठ्ठावीस पूर्ण झाली. तो आता दुकानात नळ्या कापतो. अमीरभाई गिऱ्हाइकाला, त्याने विचारलं नसलं तरी, ‘पोरगं गोल्फ खेळतं’ असं सांगतात. आबाजी पुन्हा गाडीतून हॉर्न वाजवतात. फरक एवढाच, की आता बाहेर कुणी जात नाही.

या यशामुळे चालकांनी दौरा आणखी तालुक्यांत न्यायचं ठरवलं आहे. वाचकहो, आपल्या तालुक्याचं नाव यादीत वरचं आहे. प्रेक्षक समितीवर आपली, म्हणजे हे वाचत असलेल्या आपली, निवड करावी अशी सूचना आली आहे. सूचक केशवतात्या. आपण मनातून सोहेलच्या बाजूचे आहात याची समितीला कल्पना आहे. मांडवातले सगळेच होते. तरी रीत म्हणून विचारतो, आपली काही हरकत?

थोडा वेळ थांबलो.

आभारी आहोत. पंगत साडेबाराला बसेल.