जपानी ठाण्यात पंच नाही

आमच्या मारोतीमामांनी एकाच दुपारी तीन गावांत तीन गुन्हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहेत. कागदोपत्री तशी नोंद आहे. पोलीस ठाण्यासमोर त्यांची पानटपरी. पंचनाम्याला साक्षीदार म्हणून पंच लागतात; त्यातले एक मामा ठरलेले. ठाण्यातून नुसती हाक यायची, की मामा हाताचा चुना पुसून सही करून यायचे. सवय इतकी जडली की कुणाच्या घरी पोरगं झालं तरी म्हणायचे, "माह्यासमोर झालं!" बाळंतिणीला ते ऐकून काय वाटत असेल, देव जाणे.

मला जपानी सिनेमांचं वेड. शाळेला सुटी होती, म्हणून भ्रष्ट पोलिसांवरचा एक लावून बसलो होतो. मामा पान द्यायला आले आणि बसलेच. पडद्याखालच्या इंग्रजी ओळी मी त्यांना मराठीत सांगत होतो. गुंडांशी संधान बांधलेला एक साहेब बढतीसाठी परदेशी मजुराच्या पेटीत पिस्तूल ठेवतो आणि मग स्वतःच ते पकडतो.

मामांचं लक्ष भलतीकडेच.

"गुरुजी, गुंड हाय, बाई हाय, पेपरवाला हाय. सायब त पाच-सात हायत. मंग पंच काऊन नाही?"

"तिकडे तशी पद्धत नसेल."

"असं कसं? सही कोनं केली मंग? आमच्यासारख्याले कोनी दाखवतच नाही!"

मी पोट धरून हसलो. मामांच्या जमातीवर त्या दिग्दर्शकानं अन्याय केला होता खरा.

मग कोर्टाचा प्रसंग आला. मजुराला तिथली भाषा येत नाही, म्हणून तो प्रत्येक प्रश्नाला हसून मान हलवतो. अख्ख्या सिनेमात त्याच्या वाट्याला जेमतेम तीन वाक्यं. मामांच्या तोंडात पान तसंच राहिलं.

"आपल्या कापसाच्या जिनिंगवर ओडिशाचा एक गडी होता," ते म्हणाले. "गांजाच्या थैलीपायी पकडला. सही माही हाय. म्या त्याले पाह्यलंच नाही, गुरुजी. थैली बी नाही. सोमवारी साक्ष हाय."

"खरं सांगून टाका," मी म्हणालो. माझं काय जात होतं! ठाण्यासमोर टपरी त्यांची होती.

सोमवारी मी सोबत गेलो. मामांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला आणि म्हणाले, "सही माही हाय, पन म्या तिथं नव्हतो. या मान्साले आज पयल्यांदा पाहून राह्यलो." न्यायाधीशांनी ते पुन्हा वदवून घेतलं. खोट्या सहीपायी तुमच्यावरही खटला होऊ शकतो, अशी समज दिली. टपरी त्याच आठवड्यात रस्त्याला अडचण ठरून उठली. मला अजून त्या जागेकडे बघवत नाही.

पण त्या दिवशी मामांना टपरीची फिकीर नव्हती. गड्याला परत तुरुंगात नेत होते, तेव्हा ते व्हरांड्यात त्याच्या आडवे गेले. आपण खरं बोलून आलो, हे मराठीत सांगितलं, सीमेपलीकडच्या गिऱ्हाइकांकडून उचललेल्या तेलुगूत सांगितलं, मोडक्या हिंदीत सांगितलं. गडी नुसता बघत राहिला. साक्षीला पिंजऱ्यात उभा होता तो हाच माणूस, एवढंच त्याला कळलं असावं. तो एकदम वाकला आणि त्यानं मामांचे पाय धरले.

"मेरा नहीं, बाबू," तो म्हणाला. तेवढीच हिंदी तो तुरुंगात शिकला होता. "बोल दो, बाबू. बोल दो."

मामा त्याला उठवायला खाली बसले. त्यांना रडू आवरत नव्हतं.

"बोल्लो रे बाप्पा," ते म्हणत होते, "बोल्लो."