परीक्षेची माकुळं

मालतीबाईंनी फ्रिज उघडला तेव्हा आत दुधाचं पातेलं होतं, कलिंगडाची फोड होती आणि थोड्या मिरच्या होत्या. माकुळं नव्हती. कोळंबीही नव्हती.

"गिरजाबाई," आवाज शक्य तितका सरळ ठेवून त्या म्हणाल्या, "काल संध्याकाळी मी पिशवी ठेवली होती, ती कुठंय?"

"ती? ती आताच चुलीवरून उतरली," गिरजाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. "सगली एकदम झाली. मोठा टोप काडला."

मालतीबाई वाशीच्या नव्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवीत आणि गिरजाबाईंच्या माडीवर भाड्यानं राहत. फ्रिज गिरजाबाईंचा, आळीत एवढा एकच. आज दहा वाजता बीएस्सीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. कॉलेजला यंदा पहिल्यांदाच केंद्र मिळालं होतं; एरवी मुलांना खाडीपलीकडे जावं लागे. आज काही बिघडलं असतं तर केंद्रही गेलं असतं आणि बाईंची अजून कायम न झालेली नोकरीही. चिरफाडीसाठी ताजी माकुळं, म्हणजे स्क्विड, आणि कोळंबी हवी होती. आज शुक्रवारी होड्या जाणार नाहीत म्हणून सारसोळ्याच्या काशी कोळणीनं ती आदल्या दिवशीच आणून दिली होती.

"अहो, पण ती माझ्या पोरांसाठी होती."

"मंग! तुमीच बोल्ल्या ना, उद्या माजी वीस पोरं येनार, परत्येकाला पुरलं पायजे? एकली बाई, परीक्षेचा दिस, तुमी रांदनार कंदी? म्हटलं आपन करून देऊ." गिरजाबाईंचा चेहरा समाधानानं उजळला होता. "साफ पन नीट केलीत. पोटातली घान सगली काडली. शाईची थैली फुटू नाय दिली एक पन."

मालतीबाई पायरीवर बसल्या. चिरफाडीचे सगळे मार्क त्या घाणीवर होते. पचनसंस्था, मज्जासंस्था आणि ती थैली.

"ती घाण कुठंय?"

"मांजरी थांबतात काय?"

मालतीबाई रिक्षा करून सारसोळ्याला धावल्या. होड्या वर ओढून ठेवलेल्या होत्या. काशीच्या टोपलीत सुके बोंबील होते. "ताजं पायजे तर उद्या या, बाई," ती म्हणाली.

त्या प्रयोगशाळेत पोचल्या तेव्हा परीक्षेचा पहिला भाग सुरू झाला होता. टेबलांवर बरण्या मांडल्या होत्या, आणि मुलं प्राणी ओळखून त्यांचे संघ आणि वर्ग लिहीत होती. पट्टकृमी, जळू, तारामासा. बाहेरून आलेले परीक्षक धर्मराज सर हात मागे बांधून फिरत होते. या सरांनी मागे एका कॉलेजची अख्खी परीक्षा रद्द केली होती, तीही ट्रे अस्वच्छ होते म्हणून. मुलांनी सावकाश लिहावं अशी मालतीबाईंची फार इच्छा होती, पण पोरं तयारीची निघाली. एकेकानं पेन खाली ठेवलं.

"ट्रे लावा," सर म्हणाले. "नमुने कुठं आहेत?"

तेवढ्यात दार ढकलून गिरजाबाई आत आल्या. कमरेवर टोप होता. त्यांनी रांगेनं मांडलेल्या बरण्यांकडे पाहिलं.

"येवडी लोनची कोनी घातली?"

मालतीबाईंनी सरांना बाजूच्या खोलीत नेलं आणि जे घडलं ते सांगून टाकलं. मागोमाग गिरजाबाईंनी टोप आणून टेबलावर ठेवला. सरांनी झाकण काढलं. वास भिंतीपलीकडे गेला असावा, कारण तिथली कुजबुज एकदम थांबली. सरांनी चिमट्यानं एक तुकडा उचलला, मग दुसरा.

"मृदुकाय," ते म्हणाले. "आणि हा संधिपाद. एका टोपात दोन संघ एकत्र केलेत तुम्ही."

मालतीबाईंनी खिडकी उघडली.

"हे बघा," सर म्हणाले, "यावर परीक्षा होणं शक्य नाही. पण नमुने खराब झाले असं मी विद्यापीठाला कळवतो. मग पुढची तारीख देता येते."

मालतीबाईंनी लगेच कागद आणि पेन पुढे केलं.

"खराब?" गिरजाबाई पुढे झाल्या. "कोन बोलतो खराब? खाऊन बगा आदी."

"गिरजाबाई, तसं नाही ते..."

"नाय कसं? मी पाटं उठून केलंय. खाऊन बोला." त्यांनी चिरफाडीचा एक कोरा ट्रे ओढला, त्यात वाढलं आणि टोपाबरोबर फडक्यात बांधून आणलेली भाकरी सरांपुढे ठेवली.

सर नाइलाजानं बसले. पहिला घास त्यांनी परीक्षकासारखा खाल्ला. दुसऱ्या घासानंतर त्यांनी कोट काढला. गिरजाबाईंनी न विचारता पुन्हा वाढलं. मालतीबाई घड्याळाकडे बघत उभ्या होत्या.

शेवटी सरांनी हात धुतले, रुमालाला पुसले, आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"बाई, नमुने खराब होते असं मला लिहिता येणार नाही."

"म्हणजे?"

"मी खोटं लिहीत नाही."

सर खिडकीपाशी गेले, परत आले, टोपाकडे पाहून पुन्हा खिडकीपाशी गेले.

"नमुने उपलब्ध झाले नाहीत," अखेर ते म्हणाले. "हे खरं आहे. केंद्र इथंच राहील. येत्या गुरुवारी दहा वाजता घेऊ परीक्षा."

मालतीबाई आभार मानणार, तोच गिरजाबाईंनी टोपावर झाकण ठेवलं.

"बेस्तरवारी नको, सायेब," त्या काळजीनं म्हणाल्या. "निम्मी पोरं खानार नाय त्या दिवशी."